लोखंडाचा ताप कोण पाहणार?

रविवार, 18 नोव्हेंबर 2018. कल्याणचा पत्री पूल पाडण्यासाठी मध्य रेल्वेने सहा तासांचा मेगाब्लॉक घेतला. क्रेन लागल्या आणि 1914 सालापासून रुळांवर उभे असलेले गर्डर खाली उतरले. त्याच वर्षी 3 जुलैला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला होता. त्यानंतरच्या तपासण्यांत पत्री पूल धोकादायक ठरला आणि ऑगस्टमध्ये त्यावरची वाहतूक थांबली. नवा पूल खुला व्हायला जानेवारी 2021 उजाडला. मधल्या काळात, सप्टेंबर 2019 मध्ये, डोंबिवलीचा कोपर पूलही बंद झाला आणि तो सुरू व्हायला आणखी दोन वर्षे गेली. वर्षभराहून अधिक काळ तर हे दोन्ही पूल एकाच वेळी बंद होते. त्या दिवसांत शिळफाट्याकडून कल्याणात शिरणाऱ्या किंवा डोंबिवली पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्या माणसाला त्याची किंमत आकड्यांत सांगावी लागत नाही.

पूल बंद केले ते योग्यच केले. प्रश्न त्याआधीचा आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ ट्रक, बस, रिक्षा आणि हातगाड्या अंगावर घेणाऱ्या लोखंडात काय साचत गेले, हे कोणी, कधी आणि कशाने मोजले? नागरिकाच्या हाती आले ते एवढेच: काल पूल होता, आज तो धोकादायक आहे. या दोन टोकांच्या मधली सगळी अवस्था, म्हणजे पूल थकत चालल्याचा काळ, आपल्या तपासणीच्या पद्धतीत जवळजवळ दिसतच नाही.

उलट बाजूचे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि माणसे मेली. त्या पुलाचे स्ट्रक्चरल ऑडिट झालेले होते. किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तिथे घात केला तो मुख्यतः गंजाने, आणि गंज निदान डोळ्याला दिसू शकतो. धातूचा थकवा त्याहून अवघड. तडा उघडेपर्यंत तो रंगाखाली, रिव्हेटच्या डोक्याखाली, वेल्डिंगच्या कडेला दबून राहतो. डोळा, हातोडी आणि टेप घेऊन फिरणाऱ्या अभियंत्याची निष्ठा कितीही असली, तरी त्याला तो सापडेलच असे नाही.

मग तो कशाने सापडेल? एक उत्तर असे आहे की लोखंड स्वतःच ते सांगते, उष्णतेच्या रूपात.

ठाण्या-डोंबिवलीत कुठल्याही बांधकामावर सळई बांधायची बाइंडिंग वायर मिळते. ती एकाच जागी पाच-सात वेळा भराभर वाकवावी आणि तुटण्याआधी ती जागा ओठाला लावून पाहावी. चटका जाणवतो. वाकवण्यात घातलेल्या श्रमाचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, उरलेला धातूच्या कणांच्या रचनेत बिघाड होऊन आत राहतो. पुलाच्या गर्डरमध्ये हेच घडते, पण फार सावकाश आणि फार थोड्या जागेत. गर्डरवरचा भार त्याला एका झटक्यात तोडण्याइतका कधीच नसतो. तो येतो आणि जातो, येतो आणि जातो. प्रत्येक खेपेला एखाद्या खाचेशी, भोकाशी किंवा वेल्डच्या टोकाशी धातूचे सूक्ष्म थर एकमेकांवरून किंचित सरकतात. लाखो खेपांनंतर तिथे तडा जन्मतो.

लाखो हा शब्द मोठा वाटतो, पण मध्य रेल्वेच्या हिशेबात तो लहान आहे. बारा डब्यांच्या लोकलला 48 आस असतात. खाडीवरच्या किंवा नदीवरच्या एखाद्या रेल्वेपुलाच्या एका मार्गावरून दिवसाला 200 गाड्या गेल्या असे धरले, तर रोज 9,600 आस आणि वर्षाला सुमारे 35 लाख आस त्या पुलावरून जातात. दहा वर्षांत साडेतीन कोटी. ठाणे-कळवा दरम्यानच्या खाडीवर आणि कल्याणपुढे कसाऱ्याच्या वाटेवरच्या नद्यांवर असे पूल आहेत, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या काम करत आहेत. थंडीच्या पहाटे रुळाला तडा गेल्याची बातमी येते, तिच्यामागेही हीच कथा असते. लांबच लांब वेल्ड केलेला रूळ गारठ्यात आकसू पाहतो, त्याला जागा मिळत नाही, ताण वाढतो आणि आधीच थकलेला सांधा उघडतो. गारठा हे निमित्त, दुखणे आधीचे.

रेल्वे आणि धातूचा थकवा यांची ओळख जुनी आहे. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे पेटले आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. दिसायला धडधाकट असलेला आस का तुटावा, या प्रश्नाने त्या काळचे अभियंते अस्वस्थ झाले. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले की, भार जास्तीत जास्त किती आहे यापेक्षा तो किती फरकाने आणि किती वेळा बदलतो याला महत्त्व आहे. आजही अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी त्याच्या नावाचा आलेख शिकतो.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला पोहोचली, ही तारीख ठाणेकराला पाठ असते. त्याच वर्षी विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी एक सूत्र मांडले: धातू ताणला की तो अगदी किंचित थंड होतो, दाबला की किंचित गरम होतो, आणि हा फरक ताणाच्या प्रमाणात असतो. दर चौरस मिलिमीटरला सुमारे दहा किलोचा भार पोलादावर आला तर त्याचे तापमान एक दशांश अंशाने बदलते. त्या काळी हा फरक प्रयोगशाळेतच कसाबसा मोजता येई. 1914 मध्ये, म्हणजे पत्री पूल उभा राहिला त्याच साली, इंग्लंडमध्ये स्ट्रोमायर यांनी दुसरी बाजू पुढे आणली. वारंवार ताणल्या जाणाऱ्या नमुन्यातून किती उष्णता बाहेर पडते ते मोजले, तर त्या धातूची सहनशक्तीची मर्यादा ओळखता येते, हे त्यांनी दाखवले. मर्यादेच्या आत नमुना जवळपास गार राहतो, मर्यादा ओलांडली की तापू लागतो.

हे ज्ञान पुलापर्यंत यायला शतक लागले, कारण ते पाहणारा डोळाच नव्हता. तो डोळा म्हणजे इन्फ्रारेड कॅमेरा. आजचे चांगले कॅमेरे एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतका फरक दुरून, हात न लावता टिपतात. इटलीत कातानिया विद्यापीठाच्या ला रोसा आणि रिसितानो यांनी 2000 साली मांडलेल्या पद्धतीत नमुन्याच्या तापमानाचे तीन टप्पे दिसतात: आधी चढ, मग बराच काळ स्थिर पातळी आणि तुटण्याच्या जरा आधी पुन्हा झपाट्याने चढ. व्होलरच्या पद्धतीने अनेक नमुने, प्रत्येकी लाखो आवर्तने असे करत आठवडे जातात. तापमानावरून सहनशक्तीचा अंदाज थोड्या नमुन्यांवर आणि थोड्या वेळात बांधता येतो. वागळे इस्टेटमधल्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या गिअर, शाफ्ट, स्प्रिंग करणाऱ्या लहान कारखानदाराला ही गोष्ट उपयोगाची आहे.

पुलासाठी मात्र जपानचा अनुभव जास्त जवळचा. कोबे विद्यापीठाच्या ताकाहिदे साकागामी आणि सहकाऱ्यांनी पोलादी डेकच्या पुलांवर दोन युक्त्या वापरल्या. पहिलीत सूर्य काम करतो. दिवसा तापलेल्या डेकमधून उष्णता खालच्या पट्ट्यांत उतरते. वेल्डला तडा असेल तिथे तिची वाट अडते आणि कॅमेऱ्यात तापमानाची पायरी दिसते. दुसरीत वाहने काम करतात. पुलावरून ट्रक गेला की ताणाबरोबर तापमान हलते. तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो, म्हणून तिथली हालचाल इतरांपेक्षा मोठी असते. प्रत्येक ट्रकचे वजन वेगळे, वेग वेगळा. तरी अडत नाही, कारण चित्रातल्याच एका निरोगी जागेची हालचाल संदर्भ धरून बाकीच्या सगळ्या जागा तिच्याशी ताडून पाहिल्या जातात. असे शेकडो क्षण एकत्र केले की गोंगाटातून तडा वर येतो.

आपल्यासाठी खरी मोलाची गोष्ट इथे आहे. या तपासणीला वाहतूक थांबवावी लागत नाही. उलट वाहतूक चालू असावी लागते. ज्या भागात रुळांवरच्या पुलाला हात लावायचा म्हणजे ब्लॉक मागा, रविवार शोधा, लोकल रद्द करा, लाखो प्रवाशांना वेठीस धरा, असा क्रम असतो, तिथे वाहतुकीलाच तपासणीचे साधन करणारी पद्धत बाजूला ठेवण्यात शहाणपण नाही. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले ट्रक आणि तीन-चार मिनिटांनी धावणारी लोकल हा आपला रोजचा भार आहे. जपानी संशोधकांना जे हवे होते ते आपल्याकडे अहोरात्र फुकट उपलब्ध आहे.

तापमान पाहून धोका ओळखणे आपल्या रेल्वेला नवे आहे, असेही नाही. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर गाड्या तपासणारे टीएक्सआरचे कर्मचारी पूर्वी अ‍ॅक्सल बॉक्सला हात लावून पाहत. आता ते हातातल्या इन्फ्रारेड तापमापकाने तेच करतात. ओव्हरहेड वायरचे सैल सांधे शोधायला रेल्वे थर्मल कॅमेरे वापरते, वीज कंपन्या उपकेंद्रांत वापरतात. अर्थात गरम बेअरिंग किंवा सैल सांधा शोधणे सोपे आहे. तिथे फरक दहा-वीस अंशांचा असतो. पुलाच्या थकव्यात तो अंशाच्या शंभराव्या भागांत असतो. म्हणून बाजारातला स्वस्त कॅमेरा आणून पुलाखाली रंगीत फोटो काढले की ऑडिट झाले, असे कोणी भासवू लागले तर ती शुद्ध फसवणूक ठरेल.

मर्यादा आणखीही आहेत आणि त्या लपवून या पद्धतीचे भले होणार नाही. चकचकीत धातू आजूबाजूची उष्णता परावर्तित करतो, त्यामुळे वाचन चुकते; रंगाचा एकसारखा पातळ थर त्यात मदत करतो, पण वर्षानुवर्षांची रंगाची पुटे झटपट होणारे बदल गिळतात. वारा, ओल आणि ढगाआडून येणारे ऊन चित्र बिघडवतात. पुलाच्या पोटात, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या जागी तडा असेल तर तो बाहेर तापमान दाखवेलच असे नाही. तिथे अल्ट्रासॉनिकच लागेल, जसे ते रुळांसाठी रोज वापरले जाते. आणि आपल्याकडचे कित्येक पूल थकव्याआधी गंजाने, तुंबलेल्या पाण्याने, अतिभाराने मरतात. 15 जून 2025 ला पुण्याजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. तिथे कुठला कॅमेरा नव्हे, तर पूल वेळेत बंद करणारा माणूस हवा होता.

यापेक्षाही मोठी मर्यादा माणसाची आहे, आणि तिचा पुरावा विमान क्षेत्रातून येतो. 13 फेब्रुवारी 2018 रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग 777 विमानाच्या इंजिनाचे एक पाते समुद्रावर असताना तुटले. विमान सुखरूप उतरले. पाते धातूच्या थकव्याने तुटले होते. तपासात निघाले की त्याच पात्याची याआधी उष्णतेच्या पद्धतीनेच तपासणी झाली होती: ध्वनिलहरींनी पाते थरथरवायचे, तडा असेल तर त्याच्या कडा एकमेकींवर घासून गरम होतात आणि कॅमेऱ्याला ते दिसते. 2010 मध्ये आणि 2015 मध्ये कॅमेऱ्याला ठिपका दिसलाही होता. तपासणाऱ्यांनी तो रंगामुळे आलेला समजून पाते पुन्हा सेवेत पाठवले. या तपासणीसाठी रीतसर प्रशिक्षणाचा कार्यक्रमच नव्हता, असे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवले. यंत्राने सांगितले, माणसाने वाचले नाही. ठाण्यात किंवा कल्याणात हे तंत्र आणायचे तर कॅमेऱ्याच्या निविदेपेक्षा तो वाचणाऱ्या माणसाची तयारी आधी व्हायला हवी. पवईला आयआयटी आहे, माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. हे काम शिकवायला परदेशातून कोणाला बोलावण्याची गरज नाही.

कुठे पाहायचे, हाही प्रश्न अनुभवाने बराचसा सुटलेला आहे. 27 मार्च 1980 ला उत्तर समुद्रात अलेक्झांडर किलँड हा तरंगता मनोरा उलटला आणि 123 माणसे बुडाली. सुरुवात झाली ती एका आधाराच्या नळीला लावलेल्या छोट्याशा जोडकामाच्या वेल्डपासून. पाण्यातला आवाज टिपणारे उपकरण बसवायला ते जोडकाम केले होते. मनोऱ्याच्या बळकटीशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून त्याच्या वेल्डकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. हे वाचताना आपल्या पुलांकडे आणि स्कायवॉककडे पाहावे. गर्डरला केबलसाठी क्लिप, जलवाहिनीसाठी ब्रॅकेट, जाहिरातीच्या फलकासाठी लोखंडी चौकट नंतर कोणी वेल्ड केली असेल, तर तिथेच थकव्याला घर मिळते. काम करणारा वेल्डर हुशार असतो, पण पुलाचा नकाशा त्याच्या हाती कोणी दिलेला नसतो. अशा प्रत्येक जोडकामाची नोंद व्हावी, परवानगीशिवाय केलेले काढावे आणि कॅमेरा सगळ्यात आधी तिथे रोखावा.

पुलांची नोंद ठेवण्याची सवय दुर्घटनेनंतरच लागते, असे जगाचा इतिहास सांगतो. 15 डिसेंबर 1967 ला अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या वाहतुकीत कोसळला आणि 46 जण गेले. एका साखळीच्या कडीच्या आत, सुटे केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, लहानसा तडा होता. त्यानंतर तिथे पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली, आणि आज अमेरिकेतल्या कुठल्याही पुलाचा शेरा सामान्य माणूस वाचू शकतो. आपल्याकडे 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. त्याच वर्षी केंद्राने राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची नोंदवही सुरू केली. महापालिकांच्या पुलांना, स्कायवॉकना, रेल्वेवरून जाणाऱ्या रस्त्यांच्या पुलांना अशी खुली नोंदवही का नसावी? ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपापल्या हद्दीतल्या प्रत्येक पोलादी पुलाचे बांधकामाचे वर्ष, शेवटच्या तपासणीची तारीख, पद्धत, सापडलेले दोष आणि केलेली दुरुस्ती संकेतस्थळावर टाकावी. थर्मल चित्रे असतील तर तीही टाकावीत. दुसऱ्या एखाद्या अभियंत्याला ती पाहून शंका घेता आली पाहिजे. हिमालय पुलाच्या ऑडिटवर अशी शंका घेण्याची सोय असती, तर निदान एखादा प्रश्न तरी वेळेत विचारला गेला असता.

सुरुवात जुन्या पुलांपासून करायची, हे उघड आहे. पण नव्यांना वगळू नये. नोव्हेंबर 2020 मध्ये ब्लॉक घेऊन बसवलेला नव्या पत्री पुलाचा सुमारे 76 मीटर लांबीचा पोलादी गर्डर आज तरुण आहे. निरोगी असताना त्याच्या प्रत्येक महत्त्वाच्या सांध्याची उष्णतेची पहिली नोंद घेतली, तर वीस वर्षांनी बदल कशाशी ताडायचा हा प्रश्न पडणार नाही. 1914 च्या पुलाबाबत ती सोय नव्हती. आता ती नसण्याला कारण नाही.

हे काम कधी करायचे, तेही हवामानच ठरवून देते. मे महिन्यातल्या पावसाळापूर्व तपासणीत थकवा शोधण्यात अर्थ नाही. पोलाद दिवसभर भाजलेले, हवा दमट आणि कंत्राटदाराची पावसाआधी बिले उरकण्याची घाई. वाहनांच्या भाराने होणारा बदल टिपायचा तर डिसेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री योग्य. तापमान संथ असते, ऊन नसते आणि मोठे ट्रक रस्त्यावर असतात. उन्हाने तापलेल्या डेकची तपासणी त्याच महिन्यांत कोरड्या, स्वच्छ दुपारी करावी. संशयित जागा फेब्रुवारीअखेर ठरल्या की मार्चमध्ये तिथला रंग खरवडून अल्ट्रासॉनिकने खातरजमा करता येते, एप्रिलमध्ये दुरुस्ती होते, आणि ब्लॉक लागलाच तर तो नेमक्या किती तासांचा व कोणत्या सांध्यासाठी, हे प्रवाशांना महिनाभर आधी सांगता येते. येत्या अर्थसंकल्पात दोन्ही महापालिकांनी प्रत्येकी एका पुलासाठी एवढ्या एका हंगामाची तरतूद करावी, आणि त्या हंगामाचा अहवाल स्थायी समितीपुढे ठेवला जाईल त्याच दिवशी नागरिकांपुढेही ठेवावा.